कुंडीतल्या मातीवरचा छापा

मिठागरावरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सामानात दोन ट्रंका होत्या, एक वळकटी होती, आणि बाळाच्या दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात लावलेलं वीतभर उंचीचं एक झाड होतं.

झाड मला मुंबईच्या इस्पितळात मिळालं होतं. सातव्या महिन्यात माझं मूल गेलं आणि त्यानंतर तीन आठवडे मी तिथे पडून होते. वसईकडची एक उतारवयाची ख्रिस्ती नर्स वॉर्डाच्या खिडकीत असली झाडं लावायची. पान वरून गर्द हिरवं, त्यावर चांदीचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके आणि उलटं केलं की खाली लालभडक. बिगोनिया, असं नाव तिने सांगितलं. मी घरी जायला निघाले तेव्हा तिने एक रोप डब्यात खोचून माझ्या हातात दिलं. "ऊन नको, उजेड हवा. पाणी बेताचं. पण रोज बघत जा त्याच्याकडे," एवढंच म्हणाली. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने उरणजवळच्या मोरा बंदरात येताना तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

आमचे हे मीठ खात्यात कारकून होते. शेव्याच्या अलीकडे मिठागरांच्या मधोमध उंचवट्यावर सरकारने दोन खोल्या, पुढे ओटी आणि मागे पडवी असं घर बांधून दिलं होतं. तीन बाजूंना मिठाचे वाफे, चौथ्या बाजूला खाडीचा बांध. दुपारी सगळीकडून इतका पांढरा उजेड यायचा की डोळे बारीक करून बसावं लागे. पापड डब्यातही सादळायचे आणि कडीकोयंड्यांवर आठवड्यात गंज चढायचा.

तो काळ माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघण्याचा होता. आदल्या वर्षी मिठाचा कायदा मोडायला लोक झुंडीने खाडीवर आले होते. आम्ही सरकारची माणसं, म्हणून वस्तीतलं कोणी आमच्याशी मोकळेपणी बोलत नसे. आणि ह्यांचं कामच संशयाचं. संध्याकाळी मिठाच्या राशींवर लाकडी छापा मारायचा आणि सकाळी जाऊन तो जसाच्या तसा आहे की नाही ते पाहायचं. छापा मोडलेला दिसला की रातोरात मीठ गेलं असं धरायचं. मी आले त्याच दिवशी ह्यांनी मला सांगितलं, "इथे कोणी फार गोड बोललं तर आधी त्याच्या हातांकडे बघायचं. घरात कोणाला रेंगाळू द्यायचं नाही."

घरात येणारी एकच बाई होती, पाणी भरणारी. पलीकडच्या पाड्यातली आगरी बाई, पन्नाशीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं. तिचा नवरा ह्यांच्याच देखरेखीखालच्या मिठाच्या आगरावर कामाला होता. आमच्या आवारात विहीर होती, पण तिचं पाणी प्यायला कोणी घेत नसे. डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची विहीर होती. तिथून ही बाई सकाळ-दुपार एकेक हंडा आणून पडवीतल्या घडवंचीवर आमच्या भांड्यांत ओतायची. घडवंचीशेजारच्या खिडकीत माझं झाड होतं.

पहिल्या दिवशी तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हा कनचा झार?"

"शोभेचं आहे."

"याचं काय खातात?"

"काही नाही. नुसतं बघायचं."

जाताना तिने पुन्हा एकदा वळून पाहिलं. मला ते आवडलं नाही. नुसत्या बघायच्या वस्तूकडे तिने एवढं का बघावं, असं मनात आलं.

कार्तिकापासून माघापर्यंत झाड छान वाढलं. उरणच्या बाजारातून कुंभाराची कुंडी आणून मी ते तिच्यात लावलं. सकाळी चूल पेटवण्याआधी आणि दुपारी जेवणं झाल्यावर मी त्याच्यासमोर बसायची. नवं पान गुंडाळी सोडत उलगडायला चार दिवस घेई आणि ते चारही दिवस मला करायला दुसरं काही लागत नसे. पानं मोजायची सवय लागली. फाल्गुनाच्या सुरुवातीला अकरा होती.

मग कडा करपायला लागल्या. आधी एका पानाची, बोटाच्या पेराएवढी तपकिरी रेघ. मला वाटलं, खिडकीतून ऊन लागतंय. कुंडी आत सरकवली. वाटलं, वारा लागतोय. फडकं लावलं. विहिरीतून ताजं पाणी शेंदून थोडं जास्त घालू लागले. आठ दिवसांत चार पानांच्या कडा गेल्या आणि एक पान दिसेनासंच झालं. गळून पडलं म्हणावं तर खाली कुठे नव्हतं. देठ नखाने खुडल्यासारखा दिसत होता.

त्याच दिवसांत ती बाई हंडा ओतता ओतता म्हणाली, "बाय, हिरीचा पानी आता खारा झाला. झाराला नको घालू."

मला त्यात वेगळाच वास आला. झाडासाठी गोडं पाणी हवं म्हणजे जास्तीचा हंडा लावा, असं तिचं म्हणणं आहे, असा मी अर्थ घेतला. त्याच विहिरीच्या पाण्याने आम्ही अंघोळ करत होतो, भांडी घासत होतो. आवारातलं भेंडीचं जुनं मोठं झाड त्याच पाण्यावर उभं होतं. "बघीन मी," असं म्हणून तिला वाटेला लावलं.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. दुपारी जरा आडवी होऊन उठले की कुंडीची माती ओली असायची. मी पाणी सकाळी घालायची, दुपारपर्यंत वरची माती सुकलेली असे. म्हणजे मी झोपले असताना कोणीतरी तिच्यात काहीतरी ओतत होतं. पिण्याच्या पाण्याची कळशी दुपारी गळ्यापर्यंत भरलेली असायची, ती आता चार बोटं कमी दिसू लागली. एकदा मनात आलं की सगळंच दिसायला लागतं. बाई आत येताना पायाचा आवाज करत नाही, हेही मला तेव्हाच जाणवलं. इतके महिने ती तशीच येत होती.

ह्यांच्या कामावरून मला युक्ती सुचली. माझ्याकडे पेढ्यांवर उमटवायचा लाकडी छाप होता, मधे फूल आणि भोवती टिंबं. सकाळी पाणी घातल्यावर मी तो ओल्या मातीवर दाबला. नक्षी स्वच्छ उठली. दुपारी उठून पाहिलं तर फूल विरघळून गेलेलं, माती सपाट.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा छाप उठवला आणि दुपारी झोपलेच नाही. मागच्या खोलीत पडवीच्या दाराकडे तोंड करून, डोळे मिटल्यासारखे करून पडून राहिले. दार हातभर उघडं होतं.

बाई आली. कळशी भरली. मग घरात एकदा नजर टाकली आणि कुंडी उचलून मागच्या पायरीवर नेली. दोन दगडांवर टेकवून ठेवली. हंड्यात राखलेलं पाणी हळूहळू मातीत ओतलं. कुंडीच्या बुडाच्या भोकातून गढूळ पाणी बाहेर यायला लागलं. तिने त्या पाण्याखाली बोट धरलं आणि ते बोट जिभेला लावलं. पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा बोट जिभेला लावलं.

 करणी, हा एकच शब्द डोक्यात होता. मूल गेल्यानंतर आमच्या घरातल्या बायकांनी दबक्या आवाजात काय काय बोलून ठेवलं होतं, ते सगळं मला आठवलं. मी ताडकन उठून पडवीत गेले.

"काय चाललंय हे?"

ती दचकली नाही. "धुते," म्हणाली.

"काय धुतेस?"

"माती."

"माती कोणी धुतं का?"

"आमी धुतो," ती म्हणाली आणि कुंडीचं बूड पदराने पुसून खिडकीत ठेवायला उठली. मी कुंडी तिच्या हातातून काढून घेतली.

"उद्यापासून यायचं नाही. पाण्याची आमची आम्ही सोय करू."

तिने रिकामा हंडा उचलला. पायरीवर क्षणभर थांबून म्हणाली, "बाय, त्या हिरीचा पानी..." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे बोललीच नाही. निघून गेली.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ओली माती, कमी भरलेली कळशी, खुडलेलं पान, विरघळलेला छापा, जिभेला लावलेलं बोट. सांगताना मला वाटलं होतं, हे हसतील. पण छाप्याचं ऐकल्यावर ह्यांनी ताटावरून मान वर केली.

"छापा मोडला तिने?"

"हो. माझ्या डोळ्यांदेखत."

त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या आगरावरच्या एका राशीचा छापा मोडलेला सापडला होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ह्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. दोन दिवसांनी शिपाई घेऊन पाड्यात गेले आणि त्या नवरा-बायकोच्या झोपडीची झडती घेतली. मडकी बाहेर काढली, भाताची कणगी उपसली, सुक्या मासळीच्या टोपल्या उलट्या केल्या. सगळा पाडा बघत उभा होता. नारळाच्या करवंटीत रोजच्या जेवणापुरतं मीठ होतं, बाकी काही निघालं नाही. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "काही मिळालं नाही. पण धाक बसला." मी वाढायला घेतलं. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की आपलं कोणीतरी ऐकलं.

पाण्यासाठी खात्याचा शिपाई कावड घेऊन येऊ लागला. पिण्यापुरतं मोजकं पाणी. झाडाला मी आता कोणाचा हात लागू देत नव्हते. विहिरीचं पाणी शेंदायची, सकाळ-संध्याकाळ घालायची. पण झाड सुधारेना. पानं एकेक करून मऊ पडत गेली. दहाची पाच झाली, पाचाची तीन. कुंडीच्या काठावर आणि बाहेरच्या अंगावर पांढरं काहीतरी फुललं. मी म्हटलं, हे त्या बाईचंच काम. जाण्यापूर्वी काहीतरी घालून गेली.

एका रविवारी मी कुंडी उचलून ह्यांच्यापुढे ठेवली. "हे बघा. तिने काय घातलंय ते आता वर येतंय."

ह्यांनी काठावरचं पांढरं नखाने खरवडलं आणि सवयीने जिभेवर ठेवलं.

"मीठ आहे."

"म्हणजे तिने मीठ घातलं मातीत?"

हे उठले. आवारातल्या विहिरीतून पोहरा वर काढला, ओंजळीत पाणी घेऊन तोंडात धरलं आणि थुंकून टाकलं. परत येऊन मला विचारलं, "झाडाला कुठलं पाणी घालतेस?"

"हेच."

"फाल्गुनात ही विहीर खाडीसारखी होते. पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं. आगरात दुसरं काय करतात?"

मी कुंडीकडे बघत बसले. मिठागराच्या मधोमध राहून, मिठाच्या कारकुनाच्या घरात, मी चार आठवडे रोज झाडाला मीठ घालत होते. आणि ती बाई आमच्या हंड्यातलं गोडं पाणी राखून ते मीठ धुऊन काढत होती. जिभेने चाखून बघत होती, खारटपणा अजून उतरला की नाही ते. माती आम्ही धुतो, असं ती म्हणाली होती. खाडीचं पाणी बांध फोडून भातशेतीत शिरलं की हे लोक पावसाच्या पाण्याने शेत धुऊन धुऊन पुन्हा पिकाजोगं करतात, हे मला पुढे कळलं.

"अहो, मग ती झडती?" मी विचारलं.

"झडती राशीसाठी होती. झाडासाठी नव्हती," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तू छाप्याचं सांगितलंस म्हणून मी गेलो, हे मात्र खरं." आणि ओटीवर जाऊन बसले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. मला वाटत होतं ह्यांनी चुकी माझ्यावर ढकलली. ह्यांना बहुतेक वाटत असावं की मी ह्यांना फशी पाडलं.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी पाड्यात गेले. कारकुनाच्या बायकोने एकटीने तिकडे जाण्याची पद्धत नव्हती. बांधावरून जाताना मीठ ओढणारी माणसं हात थांबवून बघत होती. तिची झोपडी विचारावी लागली. विचारल्यावर एका बाईने नुसतं बोट दाखवलं.

ती दारात जाळं सोडवत बसली होती. मला पाहून उठली आणि दार अडवून उभी राहिली.

"आता काय गेलं तुमचं?"

"काही नाही गेलं. मी तुला सांगायला आले..."

"सायबान पाठवलं?"

"नाही. त्यांना ठाऊकही नाही."

तिने माझ्या मागे, बांधाच्या दिशेने पाहिलं. शिपाई कुठे दडला आहे का, ते बघत होती. तोवर आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर बोलायची माझी तयारी नव्हती, पण झडतीही सगळ्यांसमोरच झाली होती.

"तू झाड धूत होतीस. मला कळलं नाही. मी उलटं धरलं आणि ह्यांना वाटेल ते सांगितलं. माझी चूक झाली."

तिने दार सोडलं नाही.

"मला नीट सांगितलं का नाहीस?"

"सांगितला व्हता. तुमी आयकला नाय." मग म्हणाली, "तुमी रोज त्या झारासमोर बसता. म्हनून म्हटलं, नको मराया."

 मी म्हटलं, "पुन्हा पाण्याला ये."

"नाय."

"का?"

"उद्या तुमची वाटी हरवल. मंग?"

हे ती रागाने म्हणाली नाही. सरळ विचारलं.  मी निघाले तेव्हा मागून तिने हाक मारली. "मेलेली पानं कापून टाका. गोरा पानी वता, खालून जाऊ द्या. तीनदा. जिभेला गोरा लागला की थांबा." गोरा म्हणजे गोडा, हे मला वाटेत उमगलं, आणि ते करपलेलं पान कोणी खुडलं होतं तेही.

शिपायाकडे झाडासाठी पाणी मागणं शक्य नव्हतं. मी स्वतः डोंगराच्या विहिरीवर जायला लागले. कळशी कमरेवर घेऊन पाऊण मैल. ह्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. "लोक काय म्हणतील" हे झालंच, पण "तिथे काय बोलणं होतं?" असंही विचारत. बोलणं काहीच होत नसे. मी दिसले की विहिरीवरच्या बायका गप्प व्हायच्या. मी ऐकायला आलेय, घरी जाऊन सांगणार, असं त्यांना वाटे. माझा दोर ओढून होईपर्यंत त्या बाजूला उभ्या राहायच्या. तीही कधी कधी तिथे असायची, नजर न देता.

एकदा दोराने माझे तळवे सोलले आणि पोहरा निम्म्यावरून सुटला. तिने पुढे येऊन दोर माझ्या हातातून घेतला, माझी कळशी भरून काठावर ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी गेली. 

झाड वरून पार गेलं. खोड मऊ होऊन कोलमडलं. पण मी कुंडी धूत राहिले, तिने सांगितलं तशी, बोट जिभेला लावून. चैत्र सरता सरता मुळाशी तांबूस टोक दिसलं. पावसाळ्यात पाच पानं आली आणि भाद्रपदापर्यंत झाड पूर्वीपेक्षा दाट झालं. एक फांदी मी करवंटीत लावली. ती रुजल्यावर घेऊन पाड्यात गेले.

तिने करवंटी हातात घेतली नाही. बघितली मात्र. पान उलटं करून खालचा लाल रंग पाहिला.

"चांगला झाला," म्हणाली. "पन मना नको."

"तुझ्यामुळेच जगलं ते."

"तुमच्या घरचा काय माझ्या दारात दिसला, तं पुन्हा झरती येल. मी चोरला म्हनतील."

"मी सांगीन ना, मी दिलं म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगते आणि काय नाही, हे तिने एकदा पाहिलेलं होतं. मी करवंटी परत घेऊन आले.

पुढच्या वर्षी ह्यांची बदली रेवदंड्याला झाली. तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या आणि विहिरींना बारमाही गोडं पाणी होतं. बिगोनिया तिथे सहा-सात वर्षं जगला आणि एका पावसाळ्यात कुजून गेला. राशीवरचा तो छापा कोणी मोडला होता, ते कधीच कळलं नाही. ह्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

तिची-माझी परत गाठ पडली नाही. बरीच वर्षं गेल्यावर उरणकडच्या एका ओळखीच्या बाईकडून कळलं की त्या पाणी भरणारीच्या नवऱ्याने आगर सोडून मालाच्या मचव्यावर, होडीवर, काम धरलं होतं, आणि ते झडतीनंतरच्याच मोसमात. आमच्यामुळे सोडलं की त्याचं त्याने, हे मी त्या ओळखीच्या बाईला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं मला वाटतं.